केस वाढले, धावा घटल्या

खेळाडूच्या अंगावर त्याचे स्वतःचे म्हणावे असे आता फार थोडे उरले आहे. सदरा मंडळाचा, सदऱ्यावरचे नाव कुठल्याशा कंपनीचे, बूट दुसऱ्या कंपनीचे आणि बॅटवर टायर विकणाऱ्याची जाहिरात. (टायरचा आणि बॅटचा संबंध काय, हे कोडे सचिन तेंडुलकरच्या बॅटवर ती तीन अक्षरे उमटली तेव्हापासून मला सुटलेले नाही.) एकुलती एक स्वतःची मिळकत म्हणजे डोक्यावरचे केस. आणि गंमत अशी की, नेमक्या याच मिळकतीवर साऱ्या गावाचा दावा असतो. बापाला ते लांब वाटतात, समालोचकाला विचित्र वाटतात, जाहिरातवाल्याला हवेहवेसे वाटतात. आमच्या उमरखेडच्या बसस्थानकाजवळ पानठेल्यावर उभा असलेला कोणीही माणूस घ्या. आयुष्यात विटीदांडूखेरीज त्याने काही खेळलेले नसते. पण खेळाडूचे केस पाहून त्याचा सराव किती झाला आहे हे त्याला तत्काळ समजते.

गेल्या दिवाळीत याच पानावर मी पंचांच्या टोप्यांविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकांनी पोस्टकार्ड धाडले, "टोपीवर पुष्कळ झाले, आता टोपीखालचे लिहा." पोस्टकार्डाची आज्ञा मोडू नये असे आमच्या पिढीला वळण आहे. शिवाय माझ्या स्वतःच्या डोक्यावर आता वाद घालण्याजोगे काही शिल्लक नाही, तेव्हा या विषयात माझ्याइतका तटस्थ माणूस संपादकांना शोधून सापडायचा नाही.

आरंभ कुस्तीपासून करावा, कारण आपल्याकडे अंगमेहनतीत पहिला मान पैलवानाचा. केसर म्हणजे आयाळ आणि केसरी म्हणजे आयाळवाला, अर्थात सिंह. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. म्हणजे आपल्या मुलखातले सर्वांत मोठे दोन किताब थेट आयाळीच्या नावाने आहेत. आणि ते मिळवायला जे आखाड्यात उतरतात त्यांची डोकी पाहावीत, तर वाटी पालथी घालून फिरवल्यासारखी साफ. कारण उघड आहे. तालमीची लाल माती, तिच्यात मुरवलेले ताक, तेल आणि हळद, वर अंगाचा घाम. एवढे सगळे केसांत शिरले तर कुस्ती सुटल्यावर डोके धुवायला दुसरा पैलवान लावावा लागेल. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या केसांविषयी कोणी एक अक्षर लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. कराडजवळच्या गोळेश्वरहून हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कोठून उभे करायचे, या विवंचनेत भांग कोठून पाडायचा हा प्रश्न त्यांना सुचलाच नसावा.

केसांना भाव आला तो खेळ धंदा झाल्यावर. विलायतेत डेनिस कॉम्प्टन नावाचा फलंदाज होऊन गेला. क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही पोटासाठी खेळणारा, म्हणजे त्या काळच्या भाषेत धंदेवाईक. केसांना लावायच्या ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत त्याचा हसरा चेहरा इतका झळकला की लोक त्याला ब्रिलक्रीमचा पोऱ्या म्हणू लागले. हा गडी आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेबरोबर महूला होता, आणि १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. होळकरांचे कर्णधार होते आमच्या नागपूरचे सी. के. नायडू. सामना तरीही मुंबईनेच जिंकला, पण तो मुंबईचा जुना खोडसाळपणा आहे, त्याविषयी पुन्हा कधीतरी. सांगायचे ते हे की, कॉम्प्टनचे केस मुळात कधी जागेवर बसतच नसत. चार धावा पळाला की कपाळावर. ज्याचे केस बसत नाहीत त्यालाच केस बसवण्याच्या जाहिरातीला धरायचे, यात मला त्या कंपनीच्या धूर्तपणापेक्षा आशावाद अधिक दिसतो. पुढे आपल्याकडे फरोख इंजिनियरने तीच गादी चालवली. मुंबईचा हा पारशी यष्टिरक्षक मँचेस्टरला जाऊन लँकेशायरकडून खेळत होता आणि त्याचे केस, कॉम्प्टनच्या उलट, चेंडू सुटला तरी सुटत नसत.

मँचेस्टर आले आहे तर आता तेथेच थांबतो, कारण मराठी माणसाच्या केसांचा क्रिकेटच्या इतिहासात खरा प्रवेश तेथेच झाला. १९७४ चा जून महिना. ओल्ड ट्रॅफर्डवर भारत आणि इंग्लंड यांची कसोटी. थंडी, मधूनच पाऊस, आणि वारा असा की समोरचा गोलंदाज वाऱ्याने येतो आहे की पायाने ते कळू नये. सुनील गावसकर खेळत होता. तेव्हाच्या चालीप्रमाणे त्याने केस वाढवलेले, आणि वाऱ्याने ते वारंवार डोळ्यांवर येत होते. शेवटी त्याने पंच डिकी बर्ड यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. चेंडूची उसवलेली शिवण कापायला पंचांजवळ कात्री होती. बर्डसाहेबांनी ती काढली आणि भर मैदानात, कसोटी चालू असताना, गावसकरच्या कपाळावरच्या बटा कापून टाकल्या.

याचा नीट विचार करा. बाद ठरवणारा माणूस, ज्याच्या बोटाला जगभरचे फलंदाज भितात, तो कात्री घेऊन पुढे उभा आहे आणि फलंदाज डोके वाकवून गप्प उभा आहे. न्हाव्यापुढे आणि पंचापुढे वाद घालायचा नसतो असे म्हणतात. इथे दोघे एकाच कोटात होते. त्या कसोटीत गावसकरने पहिल्या डावात १०१ आणि दुसऱ्या डावात ५८ धावा केल्या. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजला जाऊन चार कसोट्यांत ७७४ धावा केल्यानंतर कसोटीतले शतक त्याच्याशी तीन वर्षे रुसले होते, ते तेथे परत आले. कात्रीचा आणि शतकाचा संबंध आहे काय? क्रिकेटच्या पंडितांनी तो जोडलेला नाही. आमच्या बाबांनी मात्र त्याच आठवड्यात जोडला.

त्या वेळी मी नववीत जाण्याच्या बेतात होतो. उमरखेडात फॅशन येण्याचा मार्ग तेव्हा ठरलेला होता. ती मुंबईहून निघायची, पुण्याला मुक्काम करायची, नांदेडला एस. टी. बदलायची, पैनगंगा ओलांडायची आणि आमच्या गावात पोचायची तेव्हा मुंबईत ती टाकून दिलेली असायची. (आता मोबाइलमुळे विराट कोहलीने सकाळी कापलेले केस संध्याकाळी आमच्या चौकात दिसतात. पैनगंगेवरचा पूल फॅशनच्या दृष्टीने निकामी झाला आहे.) तरी त्या उन्हाळ्यात कानांवरून उतरणारी झुलपे आणि बेलबॉटम या दोन्ही गोष्टी एकाच गाडीने आल्या होत्या. माझ्याही कानांनी बरेच दिवस उजेड पाहिला नव्हता. नागपूरच्या पेपरात ओल्ड ट्रॅफर्डची हकीकत आली, आणि बाबांनी ती मोठ्याने वाचली. पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "गावसकरचे केस पंचाने भर मैदानात कापले. तू कोण टिक्कोजीराव लागून गेलास?"

मी म्हटले, "पण बाबा, त्याने शंभर केले."

"केस कापले म्हणून केले."

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. शेजारच्या तीन घरांतही तोच पेपर येत असे. दुसऱ्या दिवशी केशकर्तनालयासमोर आम्ही चौघे एका रांगेत बसलो होतो, आणि डिकी बर्ड हा गृहस्थ आयुष्यात कधी भेटला तर त्याला काय म्हणायचे यावर आमचा विचारविनिमय चालला होता. तो योग आला नाही. बर्ड ६६ कसोट्यांत पंच म्हणून उभे राहिले, १९९६ साली लॉर्ड्सवर भारताच्याच सामन्यात त्यांनी डोळे पुसत कसोटीचा निरोप घेतला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात, ९२ व्या वर्षी, ते वारले. माणूस भला होता. उमरखेडात त्यांनी किती डोकी भादरली याची त्यांना कल्पना नव्हती.

त्याच दौऱ्यात पुढच्या कसोटीत, लॉर्ड्सवर, आपला सगळा संघ ४२ धावांत आटोपला. बाबांनी लगेच सूत्र मांडले: केस वाढले, धावा घटल्या. हे सूत्र त्यांनी पुढे आयुष्यभर वापरले आणि त्यात एक मोठी सोय होती. धावा झाल्या की ते सूत्र खिशात जाई. १९८२ मध्ये, पुन्हा त्याच ओल्ड ट्रॅफर्डवर, संदीप पाटीलने बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले आणि नाबाद १२९ केल्या. संदीपचे केस तेव्हा चांगले मानेपर्यंत आलेले. विलिसच्या डोक्यावर तर कापसाच्या गंजीएवढे कुरळे रान. दोन वाढलेली डोकी समोरासमोर, आणि बाबा रेडिओशी कान लावून खूश! केसांचा विषय त्या दिवशी घरात निघाला नाही.

बाबा गेले, पण ते सूत्र गावात राहिले आहे. आमच्याकडे केसांची लांबी धावफलकावर मोजतात. धावा निघत असल्या तर केस म्हणजे रुबाब, नाही निघाल्या तर माज. खुद्द सचिन लहानपणी जॉन मॅकेन्रोच्या नादाने केस वाढवून, कपाळाला पट्टी बांधून वांद्र्याच्या साहित्य सहवासात हिंडत असे. आज ही हकीकत सगळे कौतुकाने सांगतात. तो पुढे सचिन झाला नसता तर हीच हकीकत शेजाऱ्यांनी वेगळ्या आवाजात सांगितली असती.

या सूत्राची सर्वांत कडक परीक्षा झाली ती महेंद्रसिंग धोनीच्या वेळी. २००५ च्या सुमारास रांचीचा हा पोरगा खांद्यावर केस टाकून आला आणि विशाखापट्टणमला पाकिस्तानविरुद्ध १४८, जयपूरला श्रीलंकेविरुद्ध नाबाद १८३ असे टोलवून मोकळा झाला. सहा महिन्यांत आमच्या गावातल्या कॉलेजात मागून पाहिले तर मुले कोणती आणि मुली कोणत्या हे सांगणे प्राचार्यांना अवघड झाले. त्यात २००६ च्या फेब्रुवारीत लाहोरला धोनीने सामना जिंकून दिला, आणि बक्षीस समारंभात पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी त्याला जाहीरपणे सांगितले की, लोक काही म्हणोत, केस कापू नकोस, तुला शोभतात. झाले! पोरांना आंतरराष्ट्रीय पाठिंबा मिळाला. आमच्या गल्लीतल्या एका बापाने मात्र तो एका वाक्यात निकालात काढला, "मुशर्रफचे ऐकायचे असेल तर जेवायलाही तिकडेच जा."

पुढच्याच वर्षी, २००७ च्या मार्चमध्ये, वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात आपण पहिल्या फेरीत गारद झालो. रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. उमरखेडात तेवढे काही झाले नाही. पण दोन दिवसांत आमच्या सलूनवाल्याला दिवाळीसारखी गर्दी हाताळावी लागली. तो सांगतो, "सर, हारलो की माझा धंदा होते." मग सप्टेंबरात तोच धोनी कर्णधार म्हणून वीस षटकांचा विश्वचषक घेऊन आला आणि नंतर त्याने आपण होऊन केस उतरवले. तोवर ज्यांनी पराभवामुळे कापले होते त्यांना हळहळ, आणि ज्यांनी राखले होते ते आता कापण्याच्या रांगेत. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धोनी चक्क तुळतुळीत डोक्याने जगापुढे आला, तेव्हा सलूनवाल्याने हात टेकले. म्हणाला, "आता पोट्टे चकोट करायला लागले तर मी महिनाभर काय करू?" कर्णधाराने असे का केले याचा आमच्या चौकात निकाल लागला तो नवसाच्या बाजूने.

क्रिकेटात केसांवर खरे संकट आणले ते शिरस्त्राणाने. गावसकरने शेवटपर्यंत ते घातले नाही, फार तर कवटीला चिकटणारी एक टोपी हॅटखाली घातली. आजच्या फलंदाजाचे डोके मात्र लोखंडी जाळीत बंद. केस मुंबईच्या आलिम हकीम यांच्याकडे जाऊन कापून घ्यायचे (त्यांचे मोल लाखापासून पुढे सुरू होते असे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे) आणि ते डब्यात झाकून फलंदाजीला यायचे. ते दाखवायची वेळ एकच: शतक झाल्यावर शिरस्त्राण काढून बॅट उंचावतात ती. म्हणजे लाखाचे केस जगाला दाखवायचे तर आधी शंभर धावा करा, ही अट आली. शून्यावर बाद होणाऱ्याने काय करावे? आमच्या सलूनवाल्याला मी तो लाखाचा आकडा सांगितला. त्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला, तेव्हा पुढचे प्रश्न मी विचारले नाहीत. थोड्या वेळाने तो म्हणाला, "एवढ्यात मी आख्ख्या तालुक्याची कटिंग करीन, सर. वरून चंपी."

परमुलखातली दोन डोकी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डोच्या पायाला दुखापत होती आणि वार्ताहर दुसरे काही विचारीतच नव्हते. त्याने काय करावे? सगळे डोके भादरले आणि पुढे कपाळावर तेवढा एक अर्धचंद्र ठेवला. आपल्या पूर्वजांची शेंडी मागे असे, याने ती पुढे आणली एवढेच. दुसऱ्या दिवसापासून पायाविषयी कोणी बोलेना, सगळे डोक्याविषयी! उपान्त्य सामन्यात त्याने तुर्कस्तानवर गोल केला, अंतिम सामन्यात जर्मनीवर दोन, आणि कप घरी. पुढे या ध्यानाची नक्कल करणारी पोरे जगभर निपजली, तेव्हा त्याने त्यांच्या आयांची क्षमाही मागितली. केस हे विनोदासाठी नसून संरक्षणासाठी असतात हे याच्याइतके कोणाला कळले नाही.

दुसरे डोके अमेरिकेच्या आंद्रे आगासीचे. टेनिसमधला हा सिंहाच्या आयाळीचा राजपुत्र. १९९० च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इक्वेडोरच्या आंद्रेस गोमेझपुढे तो हरला. एकोणीस वर्षांनी, २००९ मध्ये, त्याने आपल्या आत्मचरित्रात कबूल केले की ती आयाळ टोप होती. आदल्या रात्री न्हाताना ती विस्कटली, भावाच्या मदतीने पिना लावून कशीबशी बसवली, आणि सामन्यापूर्वी त्याने देवाची प्रार्थना केली ती विजयासाठी नव्हे, टोप पडू नये म्हणून. देवाने मागितले तेवढे दिले. पुढे हा माणूस सरळ टकला झाला, आणि १९९५ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा त्याने मोकळ्या डोक्याने जिंकली. आमचे बाबा टेनिस पाहत नसत, नाही तर त्यांना किती समाधान वाटले असते!

इतका वेळ मी पुरुषांच्याच डोक्यांवर फिरतो आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. पुरुषाने केस वाढवणे आणि कापणे हे दोन्ही लाड आहेत. नीरज चोप्राचे केसही चांगले मानेवर रुळत होते. टोकियोला जाण्याआधी, घाम येतो, डोळ्यांवर येतात, म्हणून त्याने ते कापले. ७ ऑगस्ट २०२१ ला भाला ८७.५८ मीटर गेला आणि सुवर्णपदक आले. कोणी त्याला "अरे, केस कापायला घरात विचारलेस का?" असे म्हटले नाही.

त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ. विनेश फोगाट आदल्या दिवशी पॅरिसला तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली होती. त्यातली पहिली जपानच्या युई सुसाकीशी, जी तोपर्यंत परक्या मल्लापुढे कधी हरली नव्हती. ५० किलोचा गट. रात्रभर ती धावली, घाम काढला, पाण्याचा घोट घेतला नाही, आणि शेवटी तिचे केस कापले. पथकाचे डॉक्टर दिनशॉ पारडीवाला यांनीच पुढे तसे सांगितले. सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले. अपात्र! पदकच नाही.

ही बातमी आमच्या पानठेल्यावर आली तेव्हा मी तेथे होतो. एक जण म्हणाला, "चकोटच करायला पाहिजे होती." चौघे हसले. इतर वेळी असल्या विनोदाला मी दाद देतो, निदान पानाचे पैसे तरी देतो. त्या दिवशी मी पान न घेता घरी आलो.

घरी वेगळाच खटला चालू होता. माझ्या पुतण्याची मुलगी शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. वय चौदा. शाळेचा नियम दोन वेण्या, वर रिबिनी. एका सामन्यात ती चढाई करून परत येत असताना मागून कोणीतरी तिची वेणीच धरली. आता कबड्डीत हात धरा, पाय धरा, कंबर धरा. केस धरणे हा नियमभंग आहे. पंचांना ते दिसले नाही. पोर मधल्या रेषेपासून वीतभर अलीकडे पडली आणि बाद झाली. (अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो मारामारीचा प्रकार खेळतात, त्यात शिरस्त्राणाबाहेर आलेले केस धरून गडी पाडणे नियमात बसते. त्या देशाविषयी माझे मत पूर्वीपासूनच फारसे चांगले नाही.) तेव्हापासून तिचा एकच धोशा: केस कापायचे. आणि तिची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, पदर खोचून आडव्या आलेल्या.

"भाऊजी, तुम्हीच सांगा," वहिनी मला म्हणाल्या. "पोरीची वेणी म्हणजे का पऱ्हाटी आहे, हंगाम झाला की उपटून टाकायला? चौदा वर्षं तेल घातलं मी तिला."

मी तटस्थ माणूस. गप्प राहिलो.

हा खटला वर्षभर तहकुबीवर चालला. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा वहिनी घरात सर्वांत पुढे बसल्या होत्या, आणि त्यांचे लक्ष चेंडूवर नव्हते. सामना संपताच त्यांनी पुरावा दाखल केला, "पाहिलंस? शिरस्त्राणाच्या खालून केस बाहेर आहेत एकेकीचे. केस ठेवूनच कप आणला ना त्यांनी?"

"आजी," पोर म्हणाली, "त्यांच्या खेळात मागून येऊन केस ओढत नाहीत."

वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत. दोन दिवस भाजीत मीठ कमी पडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पोरीची न्हाणी केली, डोक्याला तेल चोळले, दोनाऐवजी एकच वेणी घट्ट घातली, वर आणि खाली दोरा बांधला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, चला. तुमच्याच माणसाकडे. त्या पार्लरमध्ये मला कोणी ओळखत नाही."

सलूनवाला बिचारा गोंधळला. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून त्याने सवयीने विचारले, "कोणासारखे कापू?" तक्त्यावर सगळे पुरुष. पोर म्हणाली, "हातात येणार नाहीत इतके." त्याने दोऱ्याच्या वरून कात्री चालवली. एका दमात वेणी तुटत नाही, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. वहिनी बाहेर बाकावर पाठ करून बसल्या होत्या. पैसे मी देऊ लागलो, ते त्याने घेतले नाहीत.

परत येताना किराणा घ्यायचा होता. वेणी वहिनींच्या पिशवीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दुकानात काटा रिकामा दिसला तशा त्या थांबल्या, पुडी काढली आणि काट्यावर ठेवली. दुकानदार चमकला. आकडे थोडे लुकलुकले आणि थांबले. नव्वद ग्रॅम.

"त्या विनेशला किती जास्त भरलं होतं?" वहिनींनी विचारले.

"शंभर," मी म्हटले.

"म्हणजे एवढी वेणीसुद्धा पुरली नसती," त्या म्हणाल्या, आणि पुडी उचलून पुन्हा पिशवीत घातली. मग त्यांनी पाच किलो साखर, दोन किलो रवा आणि भाजणीसाठी हरभऱ्याची डाळ सांगितली. पोर बाहेर पायरीवर उभी राहून मानेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती.